गुरू मेला की वस्ताद बाहेर

गुरू मेला की आमचे वस्ताद थिएटरातून उठत. पडद्यावरचा तो पांढऱ्या दाढीचा चिनी म्हातारा छातीवर हात धरून पायरीवर कोसळला, की शेजारी फेटा सावरल्याची चाहूल लागे, माझ्या गुडघ्यांना धोतर घासून जाई, मागून "ओ फेटेवाले, खाली बसा की!" अशी आरोळी येई आणि वस्ताद अंधारातच दाराकडं निघत. जाताना मला बजावत, "तुमी बसा, पावणं. त्येचा पठ्ठ्या बदला घेतोय का न्हाय, तेवडं बगून या."

मी त्यांचा भाडेकरू. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून पुण्याहून कोल्हापूरला बदली होऊन आलो, तेव्हा पेठेतल्या त्यांच्या घराची माडी मला मिळाली. मी तिथं पाच-सहा वर्षं राहिलो, त्यांच्या घरी पंगतीला बसलो, त्यांच्या म्हशीला पाणीसुद्धा पाजलं, पण त्यांच्या लेखी शेवटपर्यंत पावणाच राहिलो. घराला लागून त्यांची तालीम होती. त्यांच्या वस्तादांनी ती त्यांच्या हाती दिली होती आणि आता ती कुणाच्या तरी हाती द्यायची, एवढी एकच काळजी त्यांनी आयुष्यभर केली. पोटची एक मुलगी, ती आजऱ्याला दिलेली. तिकडून दरवर्षी काजूची पिशवी यायची आणि घरात कुणाच्या तोंडी लागण्याआधी पठ्ठ्यांच्या थंडाईत वाटली जायची. "लेक माझी, काजू माझे, आन् ढेकर गावाची," असं मावशी, म्हणजे वस्तादांच्या मंडळी, परसात भांडी घासताना म्हशीला सांगत.

सत्तरच्या पुढं ते हाँगकाँगचे मारामारीचे सिनेमे गावात यायला लागले आणि वस्तादांना त्यांचं वेड लागलं. सिनेमे इंग्रजीत असत. वस्तादांना इंग्रजीचा गंधही नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. मी पहिल्या खेपेला भाषांतर करून सांगू लागलो, तर म्हणाले, "गप बसा की. गुरूला मारला, येवडं कळाय काय शाळा लागत्या व्हय?" पात्रांचे ओठ हलत राहायचे आणि आवाज आधीच संपायचा, त्याचंही त्यांनी निदान केलं होतं. "दम न्हाय त्यांस्नी. बोलताना बी धाप लागत्या."

त्या लोकांच्या जेवणाचं त्यांना फार कोडं पडे. "वाटीभर भात, त्यो बी काड्यांनी वेचून. दूध न्हाय, तूप न्हाय, मटणाचा तुकडा दिसत न्हाय. ह्येच्यावर मानूस कौलावर उडी मारतंय कसं?" एका रविवारी तांबडा रस्सा ओरपता ओरपता त्यांना उत्तर सापडलं. "हलकं हाय म्हनूनच उडतंय वो. आमी उडालो तर कौलं ऱ्हातील का?"

सिनेमा सुटल्यावर मी समोरच्या पानपट्टीवर जाई. वस्ताद तिथं बाकड्यावर काठी टेकून बसलेले असत. तिथं माझी तोंडी परीक्षा चाले.

"घेतला?"

"घेतला, वस्ताद."

"कुटल्या डावावर?"

"हवेत उडी मारली आणि छातीत लाथ घातली."

"लाथ सोडा. पाठ टेकली का त्येची?"

"वस्ताद, तो मेला."

"मरू दे की. पाठ टेकली का?"

व्हिलन पालथा पडून मेला असेल, तर वस्ताद ती कुस्ती धरत नसत. "निकाली न्हाय. बरोबरीत सुटली म्हना," असं म्हणून ते उठत आणि घरापर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला राही. तेव्हा मी त्या पोरसवदा हिरोची बाजू घेऊन रस्ताभर भांडत असे. त्याच्या गुरूची समशेर पळवली होती, त्याची बहीण मारली होती, त्याचं सगळं गाव जाळलं होतं, आणि यांना पाठीचं पडलेलं! पण वस्तादांपुढं दाद लागत नसे.

हे सगळं बघायचं तर शेवट का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. चालता चालता ते थांबले. "वस्ताद गेला की तालमीला कुलूप लागतंय, पावणं. त्ये लावताना माज्या डोळ्यांनी नगं." एवढं बोलून त्यांनी जोतिबाच्या डोंगराकडं बघून हात जोडले. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहत. बासष्टचं युद्ध होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या घरात ते चालूच होतं. त्यांनी वस्तादांना भर चौकात अडवलं. "चीननं आपल्यावर हल्ला केला आणि तुम्ही त्यांचे पिक्चर बघता?"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "सुभेदार, दुश्मनाचं डाव बगूनच ठिवायचं आसत्यात. तुमी तवाच बगून ठिवलं आसतं, तर ही पाळी आली नसती." सुभेदारांनी सहा महिने बोलणं टाकलं. पुढं एका मॅटिनीला मला ते बाल्कनीत दिसले, डोक्यावरून शाल घेऊन. हेरगिरीलाच आले असावेत, असं मी धरून चाललो.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग वस्तादांना एक सुचलं, आणि तिथंच घोटाळा झाला. त्यांना वाटलं, आजकालच्या पोरांना गुरूची किंमत राहिली नाही. ती शिकवायला या चिनी पिक्चरइतका चांगला गुरू दुसरा नाही. म्हणून त्यांनी अख्खी तालीम सिनेमाला नेली. लंगोट नुकता चढवलेल्या पोरापासून मिशा फुटलेल्या पैलवानापर्यंत सगळे ओळीनं बसले. मधे दिनकर, त्यांचा सगळ्यात तयारीचा पठ्ठ्या. तालीम पुढं दिनकरच चालवणार, हे वस्तादांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण गल्लीतल्या म्हशींनाही ठाऊक होतं. गुरू मेला. वस्ताद नेमानं उठून बाहेर गेले. आणि खरी गोम तिथं होती. गुरुभक्तीचा पाठ द्यायला नेलेली पोरं गुरूवाचून मागं बसली, आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी नुसत्या लाथा बघितल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत जोर-बैठका बंद आणि किंचाळ्या सुरू. कुणी खांबाला लाथ मारून अंगठा सुजवून घेतला, कुणी परसातली कौलं हातानं फोडली. ती मावशींच्या गोठ्याची निघाली. वस्तादांनी सगळ्यांना काठीनं झोडलं, पण भूत उतरलं नाही. दिनकर काही महिने मुंबईला जाऊन आला तो कमरेला काळा पट्टा लावूनच. एका मंगल कार्यालयात त्यानं कराटेचा क्लास काढला. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी कराटे आणि तिथी असेल त्या दिवशी सुट्टी. पांढरे झगे पेठेतल्या शिंप्यानं शिवले. त्यानं जन्मभर लेंगे शिवलेले, त्यामुळं आमची कराटेवाली पोरं दुरून दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसत. पण आयांना झगे आवडले. लाल मातीपेक्षा धुवायला सोपे होते.

बघता बघता तालीम रिकामी झाली. तरीही वस्ताद रोज पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणत. मातीत ताक, तेल, हळद घालत, लिंबं पिळत, फावड्यानं वरखाली करत. मग काठावर बसून राहत. कुणी येत नसे. दिनकरचं नाव घरात काढायची सोय नव्हती. आणि नवा चिनी सिनेमा लागला की मात्र हे आपले फेटा बांधून तयार!

मी त्या वेळी इथल्या प्राध्यापक मंडळींच्या चित्रमंडळाचा सभासद होतो. पुण्याहून येताना जी दुखणी सोबत आणली, त्यांतलं हे एक. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये पडदे लावून परदेशी चित्रपट दाखवत. ते कळले नाहीत असं म्हणायची पद्धत नव्हती. एकदा जपानी चित्रपट होता. वस्ताद हट्टानं माझ्याबरोबर आले. जपानी काय आणि चिनी काय, त्यांच्या लेखी सगळी एकाच तालमीची माणसं.

चित्रपटात धनुर्विद्या शिकवणारा एक म्हातारा गुरू होता. त्याचे शिष्य गाव सोडून गेलेले. तो सकाळी उठून अंगण झाडी, चहा पिई, दाराकडं बघत बसे. पुन्हा सकाळ, पुन्हा अंगण. पुढच्या रांगेतले दोन प्राध्यापक डोळे मिटून चिंतन करत होते आणि त्यांतला एक घोरतही होता. वस्ताद मात्र टक्क जागे. आता गुरूला कुणीतरी मारील आणि मग आपण उठू, म्हणून ते काठी हातात धरून बसले होते. पण त्या म्हाताऱ्याला मारायलासुद्धा कुणी आलं नाही. त्यानं शेवटचं अंगण झाडलं आणि दिवे लागले. वस्तादांनी आयुष्यात शेवटापर्यंत पाहिलेला हा पहिला सिनेमा.

मग चर्चा. झाडू हे रितेपणाचं रूपक आहे, असं अध्यक्ष म्हणाले. नाही, ते आत्मशुद्धीचं आहे, असं दुसरे म्हणाले. वस्ताद उभे राहिले आणि सबंध हॉलमध्ये त्यांचा आवाज घुमला.

"येडं हाय त्ये म्हातारं! नुसतं झाडतंय काय? पोरं येत न्हाईत तर उठून जायाचं, कान धरून आनायची. झाडून पोरं येत्यात व्हय?"

टाळ्या पडल्या. 'अस्सल मातीतली प्रतिक्रिया' म्हणून अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि पुढं तिच्यावर एक लेखही लिहिला. पण मला वस्तादांचा चेहरा दिसत होता. म्हाताऱ्यावर ओरडता ओरडता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रोज पहाटे फावड्याचा आवाज ऐकून कूस बदलणारा मी, मला तरी इतके दिवस काय कळलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माडीवरून हाक मारून खाली बोलावलं. नवं धोतर, ठेवणीतला फेटा. "चला पावणं. पोरं आनाय जायाचं."

मंगल कार्यालयाच्या दाराशी पोचलो, तर आतून हू, हा असं एका सुरात चाललेलं. वस्ताद उंबऱ्याशी थबकले. माझ्याकडं वळून बारीक आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच्या तालमीत गेला की हितंच मरतोय बगा गुरू."

"मग परत फिरू या, वस्ताद."

"आता आलोय न्हवं?" असं म्हणून त्यांनी काठी माझ्या हाती दिली आणि ते आत शिरले.

पोरांच्या रांगा जागच्या जागी गोठल्या. समोरच्या टोकाला दिनकर उभा होता. वस्तादांना पाहून त्याचा चेहरा पांढरा झाला. तो रांगांमधून सरळ चालत आला, वस्तादांच्या पुढ्यात थांबला आणि हात पुढं करून खाली वाकला.

कुस्तीला उभं राहताना दोघं पैलवान असेच वाकतात. माती घेतात, हाताला हात लावतात, त्याला सलामी म्हणतात. सलामी झाली की कुस्ती सुरू. पन्नास वर्षं मातीत गेलेल्या अंगाला दुसरं काय कळणार? वस्तादांचा हात दिनकरच्या मानेवर पडला, पायात टांग गेली, आणि काय होतंय ते कुणाला कळायच्या आत काळ्या पट्ट्याचा तो तरणाबांड गडी सतरंजीवर उताणा झाला. पाठ स्वच्छ टेकलेली. निकाली.

पोरांनी एकच गिल्ला केला. "वस्तादांनी मारली!" वस्तादांनी सवयीनं हात वर केला आणि खाली पाहिलं. दिनकरचा उजवा हात अजून त्यांच्या पायावर होता.

"सलामी न्हवती व्हय?" वस्तादांनी विचारलं.

"पाया पडत हुतो, वस्ताद," दिनकर पडल्या पडल्या म्हणाला.

वर गेलेला हात खाली आला. वस्ताद वळले आणि चालू लागले. मी काठी घेऊन मागं धावलो. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "पिक्चरमदी पाया पडनाऱ्याला कोन मारतंय, पावणं?"

मला उत्तर ठाऊक होतं. त्यांनाही होतं. मग तेच म्हणाले, "ज्येच्यावर बदला घ्यायाचा आसतोय, त्यो."

दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारात ही गर्दी! कराटेची सगळी पोरं झगे टाकून लंगोट लावून हजर. सहा-सात महिने ज्याची वाट पाहिली, ते समोर उभं होतं. वस्तादांनी दार उघडलंच नाही. कडीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "ती कुस्ती मी लबाडीनं मारल्या. दिनकर आल्याबिगर हितं कुनी पाय ठेवायचा न्हाय." पोरं दोन-चार दिवस आली आणि मग यायची थांबली. दिनकरनं लाजेनं क्लास बंद ठेवला होता. म्हणजे आता तालीमही बंद आणि कराटेही बंद, आणि पोरं दिवसभर चौकात. "भले," मावशी म्हणाल्या, "दोनी दुकानं बसवली. आता जरा घरात बसा." वस्ताद त्यावर बोलले नाहीत. आणि मावशींना उत्तर मिळालं नाही, म्हणजे मामला गंभीर होता. त्यांनी हौदा खणायचंही सोडलं. माती कडक होत चालली.

मग स्टेशनकडच्या थिएटरात नवा चिनी सिनेमा लागला. वस्तादांनी तीन तिकिटं आणली आणि एक माझ्या हाती ठेवलं. "ह्ये दिनकरला द्या. काय बोलू नगा. नुसतं द्या."

दिनकर आला. आम्ही तिघं ओळीनं बसलो, मी कडेला, मधे वस्ताद, पलीकडं तो. मध्यंतराच्या आधी पडद्यावर म्हातारा गुरू चहा पीत असताना मागून वार झाला आणि तो कोसळला. मी सवयीनं गुडघे आखडून वाट करून दिली. वस्ताद हलले नाहीत. डोळे गच्च मिटून, खुर्चीचा हात धरून ते बसून राहिले. मागून कुणीतरी "ओ फेटेवाले" म्हणालं, तेही निव्वळ सवयीनं.

शेवटी हिरोनं सगळ्यांना लोळवलं, आणि मुख्य व्हिलन नेमका पालथा पडून मेला. दिवे लागले. वस्ताद पडद्याकडं बघत म्हणाले, "निकाली न्हाय."

"ही धरायची आसत्या, वस्ताद," दिनकर म्हणाला. त्या दिवसानंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"आन् आपली?"

"कुटली?"

"सतरंजीवरची."

दिनकर म्हणाला, "ती कशी धरायची? मी सलामी दिलीच न्हवती की."

वस्तादांनी त्याच्या मानेवर हात टाकला. या खेपेला टांग मारली नाही. तसेच ते दोघं बाहेर पडले आणि मी दोन पावलं मागून चाललो. पानपट्टीवर त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागच आला. इतकी वर्षं शेवट मी सांभाळले होते!

पुढं सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी कराटे असा तह झाला, पण दोन्ही हौद्यातच. सतरंजीवर शिकलेलं पोर सतरंजीवरच लढणार, असं वस्तादांचं म्हणणं. पांढरे झगे आठवड्याभरात विटकरी झाले आणि आयांनी वस्तादांना नळावर उभं-आडवं घेतलं. वस्ताद काठावर बसून कराटे बघत आणि लाथ बसली की ओरडत, "पाठ! पाठ टेकव त्येची!"

माझी बदली झाली. काही वर्षांनी वस्ताद गेल्याचं कळलं आणि मी कोल्हापूर गाठलं. दिनकर हौद्याच्या काठावर बसला होता. मला पाहून उठला, पाया पडला, आणि रडू आवरत म्हणाला, "पावणं, लई पिक्चर दावलं त्यांनी. पर आता बदला कुनाचा घ्यायाचा, सांगा की. डाक्टर म्हनतोय, साखर वाढलीती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मधुमेहाची पाठ कशी टेकवायची, हे त्या चिनी लोकांनी कुठल्याच सिनेमात दाखवलं नव्हतं. पोरं लंगोट लावून भिंतीशी उभी होती. दिनकरनं डोळे पुसले, ताकाची घागर मातीत रिकामी केली, फावडं उचललं आणि तो हौद्यात उतरला. मी तिथं उभा राहून माती वरखाली होताना पाहिली. नेहमीसारखेच वस्ताद गुरू गेल्याबरोबर उठून गेले होते, आणि शेवट बघायला मी मागं राहिलो होतो.

परतताना स्टेशनकडं वळलो. थिएटरसमोरची पानपट्टी अजून होती, बाकडंही होतं. मी त्यावर एका कडेला बसलो, पलीकडं जागा सोडून.

"उतरला, वस्ताद," मी म्हणालो. "मातीत उतरला."